सात दगडांची बाग

आमच्या घरात भांडायचं नाही असा बाबांचा नियम होता, आणि तो मोडण्याची जबाबदारी आपोआप माझ्याकडं आली होती. "आपण इथं कामाला आलोय, भांडायला नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. सुपरमार्केटच्या रांगेत कुणी पुढं घुसलं तरी तेच, आणि बिल्डिंगच्या मालकानं ऐन जूनमध्ये एसी दुरुस्त करायला आठ दिवस लावले तरी तेच. ते ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. आई-बाबा नाशिकहून दोह्याला आले होते हे खरं. पण मी कुठून आले होते? माझा जन्म इथला, शाळा इथली, माझा पडलेला पहिला दात इथल्याच वाळूत पुरलेला. पाहुण्यासारखं अंग चोरून वागायला मी पाहुणी नव्हते. आज इतकी वर्षं झाली तरी माझं हेच मत आहे, आणि ज्यांना ते पटत नाही त्यांच्याशी मी अजूनही भांडते.

आम्ही दोह्यातल्या नज्मा भागात तिसऱ्या मजल्यावर राहायचो. त्या वर्षांत सगळं शहर फुटबॉल विश्वचषकाच्या पाहुण्यांसाठी खणून ठेवलेलं होतं. मेट्रोचे खड्डे, अर्धवट पूल, जिकडं बघावं तिकडं क्रेन. सकाळी ज्या रस्त्यानं शाळेत जावं तो दुपारी येताना बंद असायचा, आणि बसचा ड्रायव्हर "यल्ला, यल्ला" करत भलत्याच गल्लीत बस घालायचा. बाबा बागांना पाणी देणाऱ्या नळ्यांचे इंजिनिअर. जिथं गवताचं पातं उगवत नव्हतं तिथं त्यांची कंपनी हिरवळीच्या गुंडाळ्या सतरंजीसारख्या उलगडायची आणि बाबा त्यांच्याखालून नळ्या फिरवायचे. घरी येताना बुटांतून इतकी वाळू आणायचे की आई म्हणायची, "अहो, थोडी साइटवर पण राहू द्या." घराचे आवाज मला अजून जसेच्या तसे ऐकू येतात. एसीची घरघर, चार दिशांनी थोड्याथोड्या अंतरानं सुरू होणारी अजान, समोरच्या प्लॉटवरचा ड्रिल, आणि स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडून येणारा शिलाई मशीनचा आवाज. ते मशीन आनूश आंटीचं होतं.

आनूश आंटी बेरूतची, जन्मानं अर्मेनियन. अरबी, फ्रेंच, इंग्रजी तिला यायचंच, आणि आमच्या बिल्डिंगमध्ये राहून राहून कामापुरती हिंदीही यायला लागली होती. दिवसा ती लग्नाच्या पोशाखांच्या एका दुकानात शिवायची आणि घरी आल्यावर बिल्डिंगमधल्या बायकांचे कपडे. माझ्या आईला आयुष्यात सगळ्यात नीट बसलेले ब्लाउज एका अर्मेनियन बाईनं शिवले होते, हे माझ्या नाशिकच्या मावश्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. आई तिला आनूशताई म्हणायची आणि ती आईला मदाम. एकदा तिनं द्राक्षाच्या पानात गुंडाळलेला भात आणला. आई-बाबा नाशिकची माणसं, द्राक्षाच्या मळ्यात लोळून मोठी झालेली, पण पानं खातात हे कुणाच्या गावीही नव्हतं. बाबांनी आधी वास घेतला, मग तुकडा तोडला, मग "अळूवडीच की ही, जरा आंबट" असं म्हणत डबा रिकामा केला. त्यानंतर दोन घरांमधली भिंत तेवढी उरली, बाकी सगळं येत-जात राहिलं.

मग ते वर्ष आलं, ज्या वर्षी शेजारच्या देशांनी आमच्या देशाला दारं बंद केली. 'आमच्या' मी मुद्दाम लिहिते आहे. दुकानातल्या फळ्यांवरचं ओळखीचं दूध दिसेनासं झालं, लोकांनी तांदूळ-पिठाची पोती घरात भरली, आई दोन दिवस हवालदिल होती, आणि मग त्याच फळ्यांवर तुर्कस्तानातून आलेल्या दुधाच्या पिशव्या हारीनं उभ्या राहिल्या. सगळ्यांनी हुश्श केलं. आम्हीही केलं. त्या दुधाचा चहा जरा वेगळा लागायचा, पण आठवड्यात सवय झाली.

पितृपक्षात आई सर्वपित्री अमावस्या कधी चुकवायची नाही. ज्यांच्या मृत्यूची तिथी माहीत नाही, ज्यांचं करायला कुणी उरलं नाही, अशा सगळ्यांसाठी तो एक दिवस. बाबा अर्धी रजा टाकायचे. आई पहाटेपासून ओट्याशी. अळूचं फदफदं, गवारीची भाजी, भोपळ्याचे वडे, आमसुलाची चटणी, खीर. त्या वर्षी नेमकी त्याच सकाळी आनूश आंटी हूक लावलेला ब्लाउज घेऊन आली आणि एवढा स्वयंपाक बघून तिनं विचारलं, कोण पाहुणे येणार? आईनं आपल्या हिंदीत सांगितलं, "जिनका दिन मालूम नहीं, उनका आज." आंटी स्टुलावर बसली. हातातला ब्लाउज तिनं मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "माझ्याकडे असे सात आहेत."

ते मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. तिची आजी पाच वर्षांची होती. तुर्कांच्या उस्मानी राजवटीत अर्मेनियन लोकांना गावंच्या गावं घराबाहेर काढून वाळवंटाच्या दिशेनं चालवत नेलं, त्यात हे आठ जणांचं कुटुंब होतं. पोचली ती एकटी आजी. बाकीचे सात वाटेत कुठं, कोणत्या दिवशी गेले, कुणाला ठाऊक नाही. आजी अनाथालयात वाढली, बेरूतला लग्न झालं, आणि मरेपर्यंत दर वसंतात एकदा ती ही नावं मोठ्यानं म्हणायची. माझ्या आईची एक गोष्ट मला फार आवडायची. ती असल्या वेळी "अरेरे" म्हणत बसायची नाही. तिनं डाव ठेवला आणि विचारलं, "नाम क्या-क्या?" आंटीनं बोटांवर मोजायला सुरुवात केली. वडील हागोप. आई मरियम. बहीण सिरानूश. भाऊ बेद्रोस. आत्या नाझेली. पाच झाले आणि बोटं थांबली. सहावी घरातली म्हातारी आजी, पण पाच वर्षांच्या पोरीला ती फक्त 'आजी' म्हणूनच माहीत होती. आणि सातवा तान्हा भाऊ. त्याचा बाप्तिस्मा अजून व्हायचा होता.

"बारसं राहिलं होतं," आई मला मराठीत म्हणाली आणि तिनं गॅस बारीक केला.

मग ती खिरीत साखर घालायला वळली आणि एकदम थबकली. ओट्यावर दुधाची कापलेली पिशवी होती. "अगं बाई," तिनं पिशवी फडक्याखाली लपवायला हात पुढं केला, पण आंटीनं ती आधीच उचलली होती. तिनं त्यावरची तुर्की अक्षरं सावकाश वाचली. आंटीनं पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, "गाय ने क्या किया, मदाम? शक्कर डालो."

गच्चीवर डिश अँटेना आणि एसीच्या यंत्रांच्या मधल्या पट्टीत आईनं एक पान जास्तीचं मांडलं. दोह्यात कावळे तसे दुर्मिळच, आमच्याकडं ते काम साळुंक्या करायच्या. बाबांनी तांब्या घेतला, दर्भाऐवजी दरवर्षी वापरायचे ती गवताची काडी बोटात अडकवली आणि आमच्या घरची माणसं झाल्यावर त्याच सुरात "हागोप... मरियम..." करत ओंजळीतून पाणी सोडायला लागले. पाच ओंजळी झाल्या. ते थांबले आणि आंटीकडं बघितलं. तिनं दोन बोटं दाखवली. बाबांनी क्षणभर विचार केला आणि तोंडानं काही न म्हणता आणखी दोन ओंजळी सोडल्या. "नाव नसलं म्हणून पाणी थोडंच अडतं," ते जिना उतरताना म्हणाले. माझ्या भित्र्या बाबांना एवढं धीट वाक्य सुचलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं, पण ते देवाशी होतं, माणसांशी नव्हतं, असं तेव्हा मनात आलं.

हिवाळ्यात शाळेनं स्पर्धा जाहीर केली. नववीच्या मुलांनी, येणाऱ्या पाहुण्यांसाठी शहरात कशी बाग असावी, याचं मॉडेल करायचं. वर्गातल्या निम्म्या लोकांनी फुटबॉलच्या आकाराचं कारंजं ठरवलं आणि उरलेल्यांनी कारंज्याच्या आकाराचा फुटबॉल. मी आंटीच्या भिंतीवरचा फोटो मागून आणला. तिची बहीण अमेरिकेत राहायची, तिच्या शहरानं एक स्मृतिउद्यान केलं होतं. मधोमध कोरीव क्रूस असलेला उभा दगड, आणि भोवतीच्या पायवाटेवर फरशीफरशीवर नावं. काही मारल्या गेलेल्यांची, काही जिवंत पोचलेल्यांची. कुठल्या गावाहून आले, इथं येऊन काय केलं. कुणी बेकरी काढली, कुणी जोडे शिवले, कुणी फोटोचा स्टुडिओ टाकला. पुढं कितीतरी वर्षांनी मी ती बाग प्रत्यक्ष पाहिली. फोटोत वाटते त्यापेक्षा बरीच लहान आहे, शेजारी पेट्रोल पंप आहे, आणि एका बाकावर दोन म्हातारे पत्ते खेळत होते. मला ती फार आवडली. पण चौदाव्या वर्षी फोटो बघून माझ्या डोक्यात एकच गोष्ट पेटली होती. म्हणजे आलेल्या माणसांचीही बाग असू शकते. आमच्या बिल्डिंगमधलं प्रत्येक माणूस कुठून तरी आलेलं होतं आणि कधीतरी जाणार होतं, आणि आमच्यापैकी कुणाचंही नाव कुठल्याच दगडावर लागणार नव्हतं.

दगड बाबांनीच आणून दिले. साइटवर फरशा कापताना उरलेले पिवळट तुकडे, गाडीच्या डिकीतून. कशासाठी ते त्यांनी विचारलं नाही. आंटीनं सात तुकडे शिवणाच्या खडूनं आखले, पाचांवर मी काळ्या रंगानं नावं लिहिली, दोन कोरे ठेवले. समोर कार्डबोर्डचा फलक. अर्मेनियन नरसंहारात गेलेल्यांच्या आणि घर सोडून दूर देशी पोचलेल्यांच्या स्मरणार्थ. मागच्या पायवाटेवर मी बिल्डिंगमधल्या बावीस घरांची गावं लिहिली. नाशिक, रत्नागिरी, कोळिकोड, ढाका, मनिला. मग बाग सुंदर दिसावी म्हणून सातही दगडांभोवती छानपैकी रांगोळी काढली, आणि आईनं ती बघताच ओल्या फडक्यानं पुसून टाकली. "श्राद्धाला रांगोळी काढतात का कधी? घोडी झालीस तरी अक्कल नाही." आंटीनं विचारलं, का नाही काढत? आईला कारण ठाऊक नव्हतं. "नहीं निकालते, मतलब नहीं निकालते," ती म्हणाली, आणि आंटीला हे उत्तर पूर्ण पटलं.

मॉडेल शाळेत पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या कोऑर्डिनेटर मॅडमचा बाबांना फोन आला. बाबांनी फोन स्पीकरवर ठेवला होता, कारण त्यांच्या हातात जेवणाचं ताट होतं. "मिस्टर बेळे, मॉडेल बहुत अच्छा है. लेकिन ये नरसंहार वगैरे... प्रोग्रॅमला बाहेरचे गेस्ट येणार आहेत. आजकल हम जिनका दूध पी रहे हैं, उन्हीं के बारे में ये सब? समझिए ना. फलक काढा, नावं काढा. मेमरी गार्डन म्हणा, फुलं लावा, खलास." बाबांनी ताट खाली ठेवलं. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. ते म्हणाले, "येस मॅडम. शुअर मॅडम. लिहिलेलं काही राहणार नाही."

मग मी जे आकांडतांडव केलं ते तिसऱ्या मजल्यावरून तळमजल्यापर्यंत गेलं असणार. "कुणाला विचारून शब्द दिलात? नावं तुमची आहेत का?" बाबांचा चेहरा उतरला होता, पण आवाज चढला नाही. "ऋचू, उद्या कंपनीनं सांगितलं, गाशा गुंडाळा, तर तुझी दहावी कुठं होणार? आईनं हे घर कुठं मांडायचं?" मी म्हटलं, "तुम्ही गच्चीवरच्या साळुंक्यांसमोर नावं घेता आणि माणसांसमोर शेपूट घालता." हे मी बोलले. आईनं मला आत ढकललं. बोलल्याचा मला पुढं पुष्कळ पश्चात्ताप झाला, पण खोटं बोलले असं आजही वाटत नाही.

मी सरळ शेजारी गेले. आंटी माझ्या बाजूनं उभी राहील याची मला खात्री होती. तिनं मशीनवरून मान वर केली नाही. "काढून टाक," ती इंग्रजीत म्हणाली. "तुझ्या वडिलांना नोकरी आहे, मला दुकानाचा व्हिसा आहे. मेलेल्यांना घाई नसते, हबीब्ती." मी विचारलं, मग मला शिकवली कशाला नावं? "तुला माहीत असावीत म्हणून." आणि प्रदर्शनाला ती येणार नव्हती, दुकानात काम होतं. दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन मी फलक काढला आणि पाची दगड रॉकेलनं घासले. सातही दगड सारखेच कोरे झाले. मॅडमनी माझ्या पाठीवर थोपटलं. तो हात मला अजून पाठीवर जाणवतो.

पण कबूल काय केलं होतं? लिहिलेलं काही राहणार नाही. बोलण्याबद्दल कुणी काही कबूल केलं नव्हतं. हे ऐनवेळी सुचलं असं सांगता आलं तर गोष्ट जास्त चांगली वाटेल, पण मी ते आधीच ठरवलं होतं आणि तीन दिवस कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती.

शाळेच्या हॉलमध्ये टेबलं मांडली होती. आई-बाबा माझ्या मागं, बाबा ऑफिसच्या शर्टात, घामेजलेले. तीन परीक्षक फिरत आले. त्यातल्या पांढऱ्या मिशीच्या गृहस्थांनी वाकून बघितलं आणि विचारलं, सगळीकडं फुलं आहेत, मग हे सात दगड कसले? मॅडम लगबगीनं पुढं झाल्या, "इट्स अ मेमरी गार्डन, सर." मी म्हटलं, "सर, ही माणसं आहेत. यांना घरातून काढून वाळवंटात चालवत मारलं, ती अर्मेनियन होती म्हणून. हा हागोप. ही मरियम. ही सिरानूश." मी प्रत्येक दगडावर बोट ठेवत होते. "हा बेद्रोस. ही नाझेली." मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवून दाबला. "ओके बेटा, टाइम इज अप. नेक्स्ट टेबल, सर, प्लीज." परीक्षक सरळ झाले. झालं, संपलं, असं मला वाटलं आणि डोळ्यांत पाणी आलं, रागाचं.

"मॅडम," मागून आवाज आला, "अभी दो बाकी हैं."

बाबा होते ते. मी वळून बघितलं तर त्यांचे कान लाल झाले होते. "सर, एक मिनिट. ही घरातली आजी. नाव कुणाला माहीत नाही. आणि हे तान्हं बाळ. नाव ठेवायच्या आधीच..." पुढं त्यांना इंग्रजी सुचेना. ते तसेच उभे राहिले, दोन दगडांकडं बघत. मिशीवाल्या गृहस्थांनी चष्मा काढला. मॅडमही जागच्या हलल्या नाहीत. एक मिनिट होईस्तोवर कुणीच पुढच्या टेबलाकडं गेलं नाही.

बक्षीस फुटबॉलच्या कारंज्याला मिळालं, हे सांगायला नकोच. मला भाग घेतल्याचं सर्टिफिकेटही दिलं नाही. पुढचे कितीतरी दिवस बाबांचा फोन वाजला की आईचा जीव टांगणीला लागायचा. कंपनीतून कधी काही आलं नाही, शाळेनंही तो विषय पुन्हा काढला नाही. पण काही होणार नाही हे बाबांना तेव्हा कुठं माहीत होतं? माझं धाडस चौदा वर्षांच्या पोरीचं होतं, गमावण्यासारखं माझ्याकडं काय होतं. त्यांनी सगळं घर पणाला लावून ते एक वाक्य उच्चारलं. ही गोष्ट समजायला मला स्वतःचा संसार होईपर्यंत वेळ लागला.

त्या दुपारी मॉडेल उचलून आम्ही पार्किंगमध्ये आलो तर आनूश आंटी आमच्या गाडीला टेकून उभी. दुकानातला काळा पोशाख, कॉलरवर टाचण्या तशाच. ती आली होती, मागच्या दाराशी उभी होती. मला वाटलं, आता ही रडेल किंवा मला जवळ घेईल. तिनं यातलं काहीच केलं नाही.

"हळू म्हणालीस," ती म्हणाली. "दारापर्यंत ऐकू आलं नाही. पुन्हा म्हण."

मी आजूबाजूला बघितलं. बसेस लागलेल्या, पालक, ड्रायव्हर, मुलं, हॉर्न. मी नावं म्हटली.

"मोठ्यानं. माझी आजी गच्चीवरून ओरडून म्हणायची."

मी ओरडले. बाबांनी मॉडेल बॉनेटवर ठेवलं आणि तिसऱ्या नावापासून तेही माझ्याबरोबर म्हणायला लागले, मग आई, पदर खोचून. लोक वळून बघायला लागले. गेटवरचा सिक्युरिटीवाला हात हलवत धावत आला. बाबांनी त्याला "एक मिनिट" म्हणून थांबवलं, आणि बिननावाची आजी आणि बाळ धरून सातही पुरे झाल्याशिवाय आम्ही कुणी गाडीत बसलो नाही.